आठ नंबरचा खांब

टक्.

सासरे मागच्या दाराने अंगणात गेले, दार ओढून घेतलं आणि खटका बसला. दुपारच्या चिडीचूप शांततेत तेवढाच आवाज. चिंगी सतरंजीवर पालथी झोपली होती. ती जरा हलली, अंगठा पुन्हा तोंडात गेला. मी श्वास सोडला आणि वही पुढे ओढली. तिची झोप म्हणजे माझा वेळ. कधी तास, कधी वीस मिनिटं, आणि कधी नुसतीच हूल.

लिहायचा होता वस्तीचा इतिहास. अशा वस्तीला इतिहास असतो हे लग्न होऊन इथे येईपर्यंत मलाही माहीत नव्हतं. झालं असं, की आमच्या ओळीतली घरं खचायला लागली. दहापैकी सात. भिंतींना भेगा, फरशा तिरक्या, दारं चौकटीत अडकलेली. पायाखालची जमीन सरकणं इतरांसाठी बोलायची गोष्ट असेल, आमच्या ओळीत ती रोज झाडू मारताना दिसते. सगळ्यांनी मिळून मोजणी कचेरीत अर्ज केला. तिथून उलट पत्र आलं की गुरुवारी साहेब येऊन बघतील, तोवर वस्तीची माहिती लिहून ठेवा. खाण कधी सुरू झाली, कधी बंद पडली, घरं कोणी बांधली. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "सूनबाई शिकलेली आहे." शिकलेली म्हणजे बारावी. वासरांत लंगडी गाय शहाणी.

गुरुवारी ठरणार होतं ते एवढंच. घरं खाणीमुळे खचली असं निघालं, तर कंपनीला सगळ्या ओळीला दुसरीकडे घरं बांधून द्यावी लागणार. नाही निघालं, तर घर राखलं नाही हा राहणाऱ्यांचा दोष. जे फार धोक्याचं असेल त्याला सील लावणार आणि आतल्या माणसाने आपलं आपण बघायचं. सगळ्यांत धोक्याचं घर आठ नंबरचं. आमचं सात, त्याला लागून आठ. मावशीचं.

ती नेमकी कोणाची मावशी हे आता कोणालाच सांगता येत नाही. नवरा खाणीत गेला त्याला बावीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. चिंगी तिला मावशीआजी म्हणते आणि दिवसातला निम्मा वेळ तिच्याकडेच असते, कारण तिच्याकडे चेंडू ठेवला की आपोआप गडगडत कोपऱ्यात जातो. "आपल्या घरातला चेंडू आळशी आहे," असं चिंगी मला तोंड वाकडं करून सांगते.

मावशीच्या दाराचा खालचा भाग सुताराने तीनदा तासला, तरी ते लागत नाही. रात्री ती त्याला आतून खुर्ची लावते. पलंगाच्या दोन पायांखाली विटा. दूध तापवायला ठेवलं की एका बाजूनेच उतू जातं. आणि चुलीमागच्या भिंतीला जी भेग आहे, तिच्यात ती कंगवा ठेवते.

"फुकटात कपाट मिळालं बघ," ती म्हणते. "पुढच्या वर्षी खिडकी मिळेल."

त्या आठवड्यात मी वही घेऊन तिच्याकडेच जात होते. सासऱ्यांना विचारलं की ते "लिही गं काहीतरी, खाण होती, बंद पडली" एवढंच म्हणून खोकायला लागायचे. मावशीचं तसं नव्हतं.

"ही खाण उथळ," ती सांगू लागली. "चाळीस फुटांवर कोळसा. कंपनीने खाली खणलं आणि वरच्या जमिनीवर आम्हाला घरं दिली. म्हणजे बघ, माणूस दिवसभर आपल्याच घराच्या पोटात. कोळसा काढताना मध्ये मध्ये कोळशाचाच जाड खांब सोडायचा, छत तोलायला. आपल्या घराखाली कुठला खांब येतो हे आधी कोणाला ठाऊक होतं? ते आमच्या ह्यांनी शोधून काढलं."

"कसं?"

"पैजेवर. नवीन लग्न झालेलं. म्हणाले, मी खालून माझा स्वयंपाक ओळखतो. बाकीचे म्हणाले, वास येतो का रे? हे म्हणाले, बघाच. मला सांगून गेले होते, बाराच्या भोंग्याला झाडूच्या दांड्याने फरशीवर तीन ठोके मार. मी मारले. हे खाली छताला कान लावत लावत आले आणि एका खांबापाशी उभे राहिले. इथे! नंतर दोरी टाकून मोजलं, तर दीड हात चुकलं होतं फक्त." मावशी तोंडावर हात ठेवून हसली. "तेव्हापासून सगळे ह्यांना चिडवायचे. बायकोचं वर ऐकतोसच, आता खालीही सुटका नाही रे बाबा!"

मग सगळ्यांनीच आपापलं घर शोधलं. खांबांवर चुन्याने घरांचे नंबर पडले. दुपारी प्रत्येक जण आपल्या नंबरच्या खांबाला टेकून डबा खायला लागला. बारा वाजले की वर दहा घरांत दहा झाडू वाजत, आणि खालून पहारीने उत्तर येई. ज्याचं त्याचं उत्तर वेगळं. मावशीच्या नवऱ्याचं, दोन पटापट, मग जरा थांबून एक. आजचा दिवस ठीक चाललाय, एवढाच त्याचा अर्थ.

"हे गेले," मावशी म्हणाली, "त्यानंतर महिनाभराने असेल, भोंगा झाला आणि सवयीने माझा हात झाडूकडे गेला. मारले तीन ठोके. मारल्यावर कळलं काय केलं ते. आणि तेवढ्यात खालून आलं. दोन. थांबून एक."

मी लिहायची थांबले.

"घाबरले नाही मी. रडलेही नाही. उठून चूल पेटवली. त्या दिवसापर्यंत नीट पेटवतच नव्हते."

"कोण होतं ते?"

"विचारलंच नाही. विचारलं असतं तर कोणीतरी माणूस निघाला असता. मग त्याचे उपकार आले, त्याच्या बायकोचं तोंड आलं. न विचारता नुसता आवाज राहिला. अकरा वर्षं, रोज. खाण बंद होईपर्यंत." तिने भेगेतून कंगवा काढला आणि चिंगीला मांडीत ओढून तिचे केस विंचरू लागली. "जो कोणी असेल तो, पुण्यवान माणूस."

हे मी फार मन लावून लिहिलं. चिंगी झोपलेली असताना, दूध तापेपर्यंत, कपडे भिजत असताना, असं तुकड्या-तुकड्याने. लिहून झाल्यावर वाटलं, साहेब लोखंडाचे असले तरी हे वाचून विरघळतील. बुधवारी दुपारी सासरे मागच्या पायरीवर बसून दाराच्या खटक्याला चिंधीने तेल देत होते. हे काम ते दर आठवड्याला करतात. मी शेजारी बसून त्यांना सगळं वाचून दाखवलं.

ठोक्यांचा भाग आला तसा त्यांचा हात थांबला.

"ते उत्तराचं लिहू नकोस."

"का बाबा? तेच तर सगळ्यांत चांगलं आहे."

तेलाची बाटली हातात होती. ती त्यांनी पायरीच्या दगडावर टेकवली. टेकवली म्हणजे वाजवली. दोन पटापट. थांबून एक.

"तुम्ही?"

त्यांनी मान हलवली. मला भरून आलं. हे खोकणारे, कुरकुरणारे, चहात साखर कमी पडली की दोन दिवस गाल फुगवून बसणारे माझे सासरे.

"अहो बाबा, मग इतकी वर्षं सांगितलं का नाही तिला? किती बरं वाटेल!"

"ऐक पुढचं," ते म्हणाले. "मग ठरव बरं वाटेल का."

त्यांनी चिंधीची नीट घडी केली, मग पुन्हा उलगडली.

"शेवटच्या वर्षी ओव्हरसियर खाली आला. म्हणाला, खाण बंदच करायची आहे, एवढा कोळसा उभा कशाला सोडायचा? खांब काढा. कागदावर यातलं काही येणार नाही. या ओळीखालच्या दहांतले सात काढा, तीन ठेवा. कुठले तीन, ते तुमचं तुम्ही बघा."

"टोळीत कितीजण होतात?"

"तिघं."

मला शाळेत गणित कधी जमलं नाही, पण हे जमलं. आमच्या ओळीत दोन, सात आणि दहा, या तीनच घरांची दारं लागतात. दोन आणि दहामध्ये आता भाडेकरू राहतात. टोळीतली ती दोन्ही म्हातारी माणसं वारली. आणि सातमध्ये आम्ही.

"सगळ्यांचाच खांब थोडा थोडा तासला असता तर?" मी विचारलं. "सगळीच घरं जराशी कलली असती."

"सुचलं होतं. कोणी बोललं नाही. खांबावर नंबर होता ना लिहिलेला. स्वतःच्या नंबरवर टिकाव उचलवत नाही गं माणसाला. त्या चुन्याने घात केला. नंबर नसते, तर काळोखात सगळे खांब सारखेच होते."

"आठ नंबरचा कधी काढला?"

"पहिला."

"पहिला का?"

"बाकीच्यांची माणसं दुसऱ्या खाणीवर गेली होती, पण होती. कळलं असतं तर संध्याकाळी येऊन गचांडी धरली असती. तिच्याकडून कोण येणार होतं? तिचं खाली कोणी नव्हतं."

"तुम्ही होतात की."

त्यांनी चिंधी बोटाला गुंडाळली, घट्ट.

"भोकं पाडत होतो खांबाला, सुरुंग भरायला," शेवटी ते म्हणाले. "बारा वाजले. वरून ठोके आले. तीन. दोघं माझ्याकडे बघायला लागले. त्यांना ठाऊक होतं, रोज मीच उत्तर देतो."

"मग?"

"मग काय? दिलं."

"त्याच पहारीने?"

"दुसरी कुठून आणणार?"

आतून चिंगीने हाक मारली म्हणून मी उठले, आणि उठले ते बरंच झालं, कारण माझ्या चेहऱ्याचं काय करावं मला समजत नव्हतं. मागून ते म्हणाले, "लिही हेही. दुसरा कागद घे आणि लिही. उद्या साहेबांसमोर मीच सांगतो. खाण पाण्याने भरलीय, तोंड बुजवलंय, खाली उतरून कोणी बघणार नाही. नकाशात दहाही खांब उभे आहेत. सांगणारा मी एकटाच उरलोय."

मी लिहिलं. वेगळा कागद घेतला. कुठला खांब कधी काढला, कोणाच्या सांगण्यावरून, सगळं. चिंगी उठून बसली होती आणि तिला माझंच पेन हवं होतं. लिहून झाल्यावर तिने त्या कागदाच्या पाठीमागे मावशीआजीचं घर काढलं. तिरकं काढलं, कारण ते आहेच तिरकं. कोपऱ्यात चेंडू.

"हे साहेब बघणार?"

"बघणार."

"नक्की?"

"नक्की गं बाई."

संध्याकाळी चिंगीचा बाबा कामावरून आला. तो याच कंपनीच्या दुसऱ्या खाणीवर ट्रक चालवतो. मी त्याला सांगितलं. त्याने आधी हात धुतले, तेही कोपरापर्यंत.

"बाबांना यात ओढू नकोस," तो म्हणाला. "या वयात त्यांना लोकांच्या तोंडी देणार आहेस का? ओळीतून चालता येणार नाही त्यांना."

"ते स्वतःच सांगणार आहेत."

"आणि आपलं घर तर सरळ आहे ना?"

"म्हणूनच तर."

"म्हणूनच तर काय?"

तो वाईट नाही. त्याला सरळ घरात वाढायची सवय आहे, एवढंच.

गुरुवारी साहेब आले. बरोबर एक मदतनीस, पाण्याची पारदर्शक नळी आणि गुंडाळलेला नकाशा. ते घराघरांतून फिरले. नळीची दोन टोकं दोन भिंतींना धरायची आणि पाणी कुठे वर, कुठे खाली ते लिहून घ्यायचं. आमच्याकडे पाणी दोन्हीकडे सारखं. "वा," साहेब म्हणाले. "याला म्हणतात घर राखणं." सासरे खाली बघत होते.

शेवटी सगळे मावशीकडे जमले. तिने सकाळपासून फरशी दोनदा पुसली होती. टेबलावर चहा मांडताना तिने साहेबांच्या बशीखाली कागदाची घडी सरकवली, तरीही कप सरकलाच. साहेबांनी तो पकडला आणि हसले. "आजी, तुमचा चहाच पळून जातोय!"

"पाहुणा आला की पळतोच तो," मावशी म्हणाली. "घरचा असला की बसतो."

साहेबांनी नकाशा उघडला. खाली दहा चौकोन काळेभोर, नेटके. "नकाशाप्रमाणे या ओळीखालचे सगळे खांब शाबूत आहेत. तसं असेल तर जमीन खचायचं कारण नाही. इथे कोणी खाली काम केलेलं आहे का?"

सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. ते काठी घेऊन दारात उभे होते. मी भिंतीला टेकून उभी होते, दोन्ही कागद हातात. चिंगी अंगणात चेंडूमागे.

"मी केलंय," सासरे म्हणाले.

"मग सांगा. खांब आहेत ना?"

मी त्यांच्याकडे बघत होते. मावशीही बघत होती, सरळपणे, शेजारी शेजाऱ्याकडे बघतो तशी. आणि मला वाटतं तिच्या त्या बघण्यानेच सगळं बिघडलं. ती रागाने बघत असती, तर ते कदाचित बोलले असते.

"आहेत, साहेब," ते म्हणाले. "सगळे आहेत. आम्हीच सोडलेत."

आणि त्यांच्या हातातली काठी फरशीवर वाजली. त्यांनी ती वाजवली नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने हातानेच ती आपणहून वाजवली. दोन पटापट. थांबून एक.

मावशीने आधी काठीकडे पाहिलं. मग हाताकडे. मग तोंडाकडे. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं, अगदी नव्या नवरीसारखं, आणि तेवढ्यात तिची नजर चुलीमागच्या भेगेकडे गेली, तिथून आमच्या दोन घरांमधल्या भिंतीकडे, आणि ते विझलं. ती जन्मभर खाणकामगारांत राहिलेली बाई. तिला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"आजी, तुमचं काही म्हणणं?" साहेबांनी विचारलं.

"माझं काय?" मावशी म्हणाली. "मी वर होते, ते खाली होते. त्यांना जास्त माहीत."

साहेबांनी नकाशाची गुंडाळी केली. मग माझ्याकडे वळले. "तुम्हाला माहिती लिहून ठेवायला सांगितली होती ना?"

माझ्या हातात दोन कागद होते. एकावर खाण, घरं, पैज, झाडू आणि भोंगा. दुसऱ्यावर सात खांब. मी पहिला दिला.

"छान अक्षर आहे," साहेब म्हणाले.

दुसरा माझ्या मुठीत चुरगळला. नंतर मी स्वतःला बरंच काही सांगितलं. की सासऱ्यांनी 'आहेत' म्हटल्यावर मी 'नाहीत' म्हणणं म्हणजे चारचौघांत त्यांना खोटं पाडणं. की मावशीच गप्प बसली, मग मी कोण? की कागदावर सही नाही, त्याला विचारतो कोण? सगळं खरं आहे. आणि या सगळ्याखाली आणखी एक गोष्ट होती, जी मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. साहेब आमच्या घराला 'वा' म्हणाले, तेव्हा मला बरं वाटलं होतं.

आठ दिवसांनी कागद आला. सहा घरांवर नजर ठेवायची आणि आठ नंबर राहण्यास अयोग्य. रंगवाल्याने दारावर पांढरी फुली मारली. दार लागत नव्हतं, म्हणून सील कुठे लावायचं यावर त्याचा आणि सील लावायला आलेल्या माणसाचा बराच वाद झाला. शेवटी आडवी फळी ठोकली.

मावशीचा भाचा शहरातून टेम्पो घेऊन आला होता. त्याच्या दोन खोल्यांत चार माणसं आहेत. मावशी पाचवी, गॅलरीत. सामान चढवून झाल्यावर ती आमच्या मागच्या दारापाशी आली. सासरे आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. दार उघडंच होतं, पण ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "अकरा वर्षं उत्तर दिलंत. एक दिवस गप्प राहिला असतात, तरी मला कळलं असतं."

आतून खोकलासुद्धा आला नाही.

मी तिच्यामागून टेम्पोपर्यंत धावले. "मावशी, कंगवा राहिला तुमचा. भेगेत."

"राहू दे," ती म्हणाली. "कपाट तिथलं आहे ते." तिने माझ्या गालाला हात लावला. रागावली असती तर बरं झालं असतं. चिंगीला तिने चेंडू दिला आणि सांगितलं, तिकडे फरशी सपाट आहे, तिथे हा आळशीच होईल, तूच ठेव.

सासरे आता खटक्याला तेल देत नाहीत. तरी तो बसतोच. टक्. आमचं दार पडेपर्यंत बसत राहील.

आज दुपारी चिंगी झोपली नाही. मी वही उघडली, तर ती खेळण्यासाठी डबा शोधत स्वयंपाकघरात गेली. फडताळातला जुना साखरेचा डबा तिने काढला, झाकण खाली पडून गरगर फिरलं. मला आठवेपर्यंत उशीर झाला होता. ती दोन्ही हातांत तो चुरगळलेला कागद धरून आली, जमिनीवर ठेवून तळहाताने सपाट करायला लागली. तिरकं घर. कोपऱ्यात चेंडू.

"आई," ती म्हणाली, "साहेबांनी हे बघितलं, तरी मावशीआजीचं घर बंद केलं?"